प्रस्तावना: एकट्या दाताची साक्ष

कार्ल लिनिअस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७५८ साली 'सिस्टेमा नॅचुरी' या आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत माणूस, माकड, लेमूर आणि वटवाघूळ यांना एकाच गणात घातले आणि त्या गणाचे नाव ठेवले 'प्रायमेट्स'. माणसाला माकडाच्या पंगतीला बसवणे अनेकांना रुचले नाही. आज आपल्याला त्याचे काही वाटत नाही; खटकते ते वटवाघूळ. पण लिनिअसचे काम शिस्तीचे होते. वरच्या जबड्यात समोर चार पटाशीचे दात आणि छातीवर दोन स्तन ही त्याने या गणाची ओळख ठरवली होती. वटवाघळाचे स्तन छातीवरच असतात, त्यामुळे त्याला आत यायला वाट मिळाली. दोष असलाच तर तो कसोटीचा होता.

प्रायमेट्स म्हणजेच नरवानर गणाच्या वर्गीकरणाचा त्यानंतरचा इतिहास म्हणजे अशा कसोट्या लावण्याचा आणि त्या मोडीत काढण्याचा इतिहास आहे. कधी स्तन, कधी अंगठा, कधी पटाशीचे दात, तर कधी जबड्याचा एक तुकडा. एकाच अवयवाच्या साक्षीवर निकाल दिला गेला आणि पुढे तो फिरवावा लागला. प्रस्तुत पुस्तक या गणाची शरीररचना, वर्गीकरण आणि उत्क्रांती यांची ओळख करून देते. अभ्यासक्रमात हे तीन विषय तीन ठिकाणी शिकवले जातात. पण एखादे हाड कोणत्या कामासाठी घडले हे कळल्याशिवाय ते नात्याचा पुरावा म्हणून वापरता येत नाही, आणि नाते ठाऊक असल्याशिवाय ते हाड कशाचे कसे झाले हे सांगता येत नाही. म्हणून इथे तिन्ही विषय एकत्र गुंफले आहेत.

आज या गणात पाचशेहून अधिक जाती मानल्या जातात. एका टोकाला मादागास्करमधला सुमारे ३० ग्रॅम वजनाचा मूषक-लेमूर, तर दुसऱ्या टोकाला दीडशे किलोंच्या पुढे जाणारा गोरिला नर. कोणी रात्री किडे वेचतो, कोणी दिवसभर पाला खातो, कोणी झाडाच्या डिंकावर जगतो, आणि एक जण शेती करून, शिजवून खातो. या सगळ्यांना बांधणारी एकच एक खूण शोधू गेल्यास ती सापडत नाही. १८७३ साली सेंट जॉर्ज मायव्हर्ट या इंग्रज अभ्यासकाने गणाची व्याख्या केली, तेव्हा त्याला यादीच द्यावी लागली. खांद्याला आधार देणारे जत्रुक हाड, डोळ्याच्या खोबणीभोवती हाडाचे पूर्ण कडे, तीन प्रकारचे दात, हातांना किंवा पायांना तरी इतर बोटांसमोर येणारा अंगठा, पायाच्या अंगठ्यावर चपटे नख, आणि असेच आणखी काही. यातले बरेचसे मुद्दे इतर सस्तन प्राण्यांत सुटे सुटे आढळतात. सगळा संच मात्र इथेच जमतो.

त्यातही जुने कोणते आणि नवे कोणते हे ओळखावे लागते. कोपर टेबलावर टेकवून तळहात आधी छताकडे आणि मग टेबलाकडे फिरवून पाहा. कोपराखाली दोन हाडे आहेत. त्यातले एक जवळजवळ जागेवर राहते आणि दुसरे त्याच्यावर आडवे येते. घोड्यात ही दोन हाडे जुळून एक झाली आहेत, म्हणून त्याचा पाय मागेपुढे झपाट्याने चालतो, पण वळत नाही. घोड्याला जत्रुकही नाही आणि बोटही एकच उरले आहे. सुटी हाडे, जत्रुक, पाच बोटे हा सस्तन प्राण्यांचा जुना ठेवा आहे. घोड्याच्या पूर्वजांनी तो मोडून धावण्याचे साधन केले, नरवानरांनी तो राखला. या हिशेबाने माणसाचा हात जुन्या वळणाचा आणि घोड्याचा पाय नव्या वळणाचा ठरतो. उत्क्रांती म्हणजे शिडी आणि माणूस तिच्या शेवटच्या पायरीवर, अशी समजूत घेऊन आलेल्या वाचकाने इथे थोडे थांबावे. नरवानरांनी या जुन्या हातात नवी भर घातली ती वेगळीच आहे. अणकुचीदार नख्यांच्या जागी चपटी नखे आली, बोटांच्या टोकांना स्पर्श नेमका टिपणाऱ्या रेघारेघांच्या गाद्या आल्या, आणि पायाचा अंगठा फांदी पकडू लागला.

या पकडणाऱ्या पायानेही एकदा घोटाळा केला. लिनिअसनंतर ब्लूमेनबाख आणि क्युव्हिए यांनी माणसाला 'द्विहस्त' आणि माकडांना 'चतुर्हस्त' ठरवून वेगवेगळ्या गणांत टाकले. माकडाचा मागचा पाय पकडतो, त्याअर्थी तो हातच, असा हा तर्क. थॉमस हक्सलीने १८६३ साली गोरिलाच्या पावलाची आतली रचना मांडून त्याला उत्तर दिले. घोट्याच्या हाडांची मांडणी, बोटे वाकवणारा तळव्यातला आखूड स्नायू, बोटे ताठ करणारा पावलाच्या पाठीवरचा आखूड स्नायू, आणि पोटरीच्या बाहेरून उतरून तळव्याखालून आडवा जाणारा लांब स्नायू, या खुणा पावलाच्या आहेत. हातात त्या नसतात. गोरिलात त्या सगळ्या आहेत. तेव्हा गोरिलाचा तो अवयव हाताचे काम करणारे पाऊल आहे. काम पाहून अवयवाची जात ठरवू नये, हा हक्सलीचा धडा या पुस्तकातल्या प्रत्येक प्रकरणाला लागू पडतो.

ही सगळी जुळणी घडली कशासाठी? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्राफ्टन एलियट स्मिथ आणि फ्रेडरिक वुड जोन्स यांनी उत्तर दिले, झाडावर राहण्यासाठी. झाडावर हुंगण्यापेक्षा पाहणे महत्त्वाचे, म्हणून नाक मागे पडले आणि डोळे समोर आले. फांदी पकडायची म्हणून हात मोकळा झाला. अर्धे शतक हे उत्तर पुरले. मग १९७० च्या दशकात मॅट कार्टमिलने विचारले, खारीही झाडावरच राहतात, त्यांचे काय? भीमाशंकरला शेकरू पाहिलेल्या माणसाला या प्रश्नाचे वजन लगेच कळेल. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरते, एका झाडावरून दुसऱ्यावर लांब झेप घेते, उंच फांद्यांत घरटे बांधते. आणि तिचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना आहेत, बोटांना नख्या आहेत. झाडावर सुखाने राहायला माकडाचे शरीर लागतेच असे नाही. समोर रोखलेले डोळे मांजरात आणि घुबडात असतात, म्हणून कार्टमिलने सुचवले की सुरुवातीचे नरवानर बारीक फांद्यांवर नजरेने हेरून किडे पकडणारे शिकारी असावेत. रॉबर्ट ससमनने १९९१ मध्ये भर दिला तो फांद्यांच्या टोकाच्या फुलाफळांवर. पुढे लिन इस्बेलने साप वेळेवर दिसण्याची गरज पुढे आणली. वाद मिटलेला नाही, पण शेंड्याकडची बारीक, डुलती फांदी हे या साऱ्या गोष्टीचे स्थळ आहे, यावर बऱ्याच अभ्यासकांचे एकमत आहे. या सुरुवातीच्या नरवानरांच्या काळाचा एक महत्त्वाचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. सुरत जिल्ह्यातल्या वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणीत सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या नरवानरांचे जबडे, दात आणि हातापायांची हाडे सापडली. एशियाडॅपिस आणि मार्कगोडिनोटिया ही त्यातली दोन नावे.

एका अवयवावर भिस्त ठेवली की काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण आय-आय. मादागास्करच्या या निशाचर प्राण्याचे पटाशीचे दात उंदरा-खारींसारखे जन्मभर वाढत राहतात. ग्मेलिनने १७८८ साली त्याला खारीच्या प्रजातीत टाकले, आणि दात पाहता त्याला नावे ठेवता येत नाहीत. पण दातांवरून नजर काढून बाकीचे शरीर तपासले की चित्र पालटते. डोळ्याच्या खोबणीभोवती हाडाचे कडे आहे. पायाचा अंगठा समोर येतो आणि त्यावर चपटे नख आहे, बाकी बोटांना मात्र नख्या. पुढच्या दातांचे काम कळायचे तर त्याचा हात पाहावा लागतो. मधले बोट काडीसारखे बारीक, बुडाशी जवळजवळ सगळ्या दिशांना वळणारे. आय-आय या बोटाने लाकडावर टकटक करतो, मोठाले कान रोखून आतली पोकळी ऐकतो, दातांनी लाकूड पोखरतो आणि तेच बोट आत घालून अळी ओढून काढतो. सुतारपक्षी जे काम चोचीने आणि जिभेने करतो, ते मादागास्करमध्ये या लेमूराच्या भाईबंदाने दात आणि बोट यांवर निभावले. गंमत म्हणजे त्याचे स्तन जांघेजवळ असतात. लिनिअसची कसोटी जशीच्या तशी लावली असती तर वटवाघूळ आत आणि आय-आय बाहेर अशी पाळी आली असती.

टार्सिअरची कथा याच्या उलट आहे. आग्नेय आशियातल्या बेटांवरचा हा मुठीएवढा प्राणी रात्री हिंडतो, किडे खातो, लेमूर आणि लोरिससारखा दिसतो. म्हणून बराच काळ तो त्यांच्याच घरात राहिला. रेजिनाल्ड पोकॉकने १९१८ मध्ये त्याला तिथून काढून माकड-माणसांच्या बाजूला नेले. हा तोच पोकॉक, ज्याने पुढे 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेत आपल्याकडच्या माकडांचे वर्णन केले. टार्सिअरचे नाक कुत्र्यासारखे ओले नाही, कोरडे आहे. वरचा ओठ हिरडीला बांधलेला नाही. लेमूर आणि लोरिस यांच्या डोळ्यांत मागे परावर्तक थर असतो, त्यामुळे रात्री उजेड पडला की ते चमकतात. टार्सिअरमध्ये तो थर नाही. त्याचे पूर्वज बहुधा दिवसाउजेडी वावरू लागले तेव्हा तो गेला, आणि रात्रीकडे परतल्यावर ती उणीव डोळे मोठे करून भरून काढावी लागली. एकेक डोळा जवळजवळ मेंदूएवढा झाला. पुढे रेणूंनीही पोकॉकच्या बाजूने कौल दिला. बहुतेक सस्तन प्राणी 'क' जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात, लेमूर आणि लोरिसही करतात. टार्सिअर, माकडे, कपी आणि माणूस यांच्यात त्यासाठी लागणारे जनुक निकामी झाले आहे. आपल्याला लिंबू-आवळा खावा लागतो, त्यामागे टार्सिअरशी सामायिक असलेला हा वारसा आहे.

कोणत्या सारखेपणावरून नाते ठरवायचे याचा नियम विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यात स्वच्छ मांडला. सारखेपणा तीन तऱ्हांचा असतो. दोन प्राण्यांत सारखी पाच बोटे असणे हा फार दूरच्या पूर्वजाचा वारसा, त्यातून जवळचे नाते सिद्ध होत नाही. सारख्या गरजेपोटी स्वतंत्रपणे आलेले सारखेपण तर नात्याच्या बाबतीत दिशाभूलच करते. नाते ठरवायचे ते तिसऱ्या तऱ्हेवर, म्हणजे एका शाखेत नव्याने आलेल्या आणि त्या शाखेतल्या सर्वांना वारशाने मिळालेल्या लक्षणांवर. कोरडे नाक आणि बंद पडलेले जनुक या तिसऱ्या तऱ्हेत मोडतात. पुस्तकाच्या मधल्या भागातले सगळे तक्ते हीच विभागणी डोळ्यांसमोर ठेवून केले आहेत.

दुसऱ्या तऱ्हेची उदाहरणे माकडांत विपुल आहेत. साडेतीन-चार कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास काही माकडे आफ्रिकेतून अटलांटिक ओलांडून, बहुधा वाहत्या झाडाझुडपांच्या तराफ्यावर, दक्षिण अमेरिकेत पोहोचली. त्यांच्या वंशजांत प्रत्येक बाजूला तीन उपदाढा आहेत, आपल्याकडच्या माकडांत आणि माणसात दोन. तिकडच्या कोळी-माकडाची शेपूट पाचव्या हातासारखी फांदी धरते आणि तिच्या टोकाच्या आतल्या बाजूला बिनकेसांची, बोटांच्या ठशांसारख्या रेघांची गादी असते. त्याच माकडाचा हाताचा अंगठा जवळजवळ नाहीसा झाला आहे. आफ्रिकेतल्या कोलोबस माकडांचाही झाला आहे. दोघांच्या मधे समुद्र आणि कोट्यवधी वर्षांचे अंतर आहे. केवळ अंगठा पाहून त्यांना जवळचे म्हटले, तर वटवाघळाचीच चूक पुन्हा होईल.

शरीररचना वाचायला प्रयोगशाळाच लागते असे नाही. माथेरानला टोपी-माकड आणि वानर दोन्ही दिसतात. टोपी-माकडाच्या हाती फुटाणे लागले की ते भराभर गालात कोंबते, गाल फुगतात, मग दूर जाऊन सावकाश चावते. वानराला अशी गालपिशवी नाही. ते बसून एकेक पान खुडते. त्याचा अंगठा आखूड, दाढांच्या कडा उंच आणि धारदार, आणि पोट अनेक कप्प्यांचे. जठराच्या पुढच्या भागात जिवाणू पाला आंबवतात आणि नंतर वानर त्या जिवाणूंनाही पचवते. गायीचे असेच चालते. कॅरो-बेथ स्ट्युअर्ट, जेम्स शिलिंग आणि ॲलन विल्सन यांनी १९८७ साली दाखवले की जिवाणू फोडणारे लायसोझाइम हे विकर वानराच्या आणि गायीच्या जठरात स्वतंत्रपणे सारख्याच बदलांतून गेले आहे. म्हणजे सारखेपणाचा चकवा रेणूंतही असतो. 'डीएनए म्हणजे शेवटचा शब्द' असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कपींकडे वळताना आधी शेपूट जाते. माणूस, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान आणि गिबन यांपैकी कोणालाच ती नाही. त्यांच्या एका विशिष्ट जनुकात घुसलेल्या छोट्या डीएनए-तुकड्याचा याच्याशी संबंध असल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. छाती रुंद आणि पुढून-मागे चपटी, खांद्याचे पाते पाठीवर, हात डोक्यावर सहज जाणारा. भारतात जंगली कपी एकच, ईशान्येकडचा हुलॉक गिबन. हातांवर झोके घेत तो जातो, तेव्हा या खांद्याचे प्रयोजन कळते. आपण पंख्याचे पाते पुसतो, ताकाची बरणी फळीवरून उतरवतो, ते याच खांद्याच्या जोरावर.

भारतीय वाचकाने रामापिथेकसचे प्रकरण विशेष लक्ष देऊन वाचावे. हिमाचलमधल्या हरितल्यांगर येथे येल विद्यापीठाच्या जी. एडवर्ड लुईस यांना १९३२ साली वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. त्यांनी त्याला रामाचे नाव दिले. शिवालिकच्या थरांतून भारतीय भूगर्भ सर्वेक्षणाच्या गाय पिलग्रिम यांनी १९१० सालीच शिवापिथेकस नोंदवला होता. एल्विन सायमन्स यांनी १९६१ मध्ये रामापिथेकस पुन्हा चर्चेत आणला. सुळ्याची जागा लहान, दाढांवर जाड एनॅमल, दातांची कमान माणसासारखी गोलाकार. तेव्हा हा माणसाच्या शाखेचा आद्य पुरुष. मानवी शाखा दीड कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास वेगळी झाली, असे पाठ्यपुस्तकांत छापले गेले. त्या कमानीत एक गोम होती. हाती आलेल्या तुकड्यांत जबड्याचा मधला भागच नव्हता, त्यामुळे दोन बाजू किती अंतरावर ठेवायच्या हे जोडणाऱ्यावर अवलंबून होते. १९६७ साली व्हिन्सेंट सारिच आणि ॲलन विल्सन यांनी रक्तातल्या प्रथिनांची तुलना करून माणूस आणि आफ्रिकी कपी सुमारे ५० लाख वर्षांपूर्वीच वेगळे झाले असे मांडले. हाडांच्या अभ्यासकांनी ते सहजी मानले नाही. मग पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर शिवापिथेकसचा चेहरा मिळाला आणि डेव्हिड पिलबीम यांनी तो १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. उभट डोळे, त्यांच्यामधली चिंचोळी जागा, आत वळलेला चेहरा. पाहणाऱ्याला ओरांगउटानच आठवावा. रामापिथेकस शिवापिथेकसमध्ये विलीन झाला. त्याचे नमुने बहुधा लहान चणीच्या माद्यांचे. पुढे १९९० मध्ये शिवापिथेकसच्या दंडाची हाडे अभ्यासली गेली, ती ओरांगउटानसारखी निघाली नाहीत. चेहऱ्याची साक्ष एक आणि दंडाची दुसरी. तेव्हापासून या प्राण्याबद्दल बोलताना अभ्यासक दोन्ही साक्षी एकत्र मांडतात.

माणसाचे प्रकरण मुद्दाम आखूड ठेवले आहे. मेंदू आधी मोठा झाला आणि मग माणूस उभा राहिला, या कल्पनेला पिल्टडाउनच्या बनावट कवटीने खतपाणी घातले. ती लबाडी १९५३ साली उघड झाली. दरम्यान १९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ताउंगला एका बालकाची कवटी मिळाली होती. मेंदू लहान, पण मज्जारज्जूचे छिद्र कवटीच्या खाली पुढे सरकलेले, म्हणजे डोके उभ्या कण्यावर तोललेले. टांझानियातल्या लेटोलीच्या सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीच्या पावलांच्या ठशांनी उरलीसुरली शंका घालवली. पाय पकडणे सोडून चालायला लागला. हात मोकळा झाला तो जुन्या पाच बोटांचाच, आणि फळ खुडणारा अंगठा पुढे दगड घडवू लागला. माणूस आणि चिंपांझी यांचे नाते चिंपांझी आणि गोरिला यांच्या नात्यापेक्षा जवळचे आहे, म्हणून आज 'महाकपी' हे कुळ माणसाला वगळून करता येत नाही.

पुस्तक क्रमाने वाचावे असा आग्रह नाही, पण हात, डोळा आणि दात यांची पहिली तीन प्रकरणे आधी वाचलेली बरी. पुढचे सारे त्यांच्यावर उभे आहे. विद्यार्थ्यांसाठी दातांची सूत्रे आणि वर्गीकरणाचे तक्ते प्रकरणांच्या शेवटी दिले आहेत. इतर वाचकांनी ते गाळले तरी धागा तुटणार नाही. आणि 'माणसाचा नवा पूर्वज सापडला' अशी बातमी वाचनात आली की तीन प्रश्न विचारावेत. निष्कर्ष कोणकोणत्या अवयवांवरून काढला आहे? ते लक्षण जुना वारसा आहे की शाखेतली नवी भर? आणि तेच लक्षण दुसरीकडे स्वतंत्रपणे आले असण्याची शक्यता तपासली आहे का? उत्तरे मिळत नसतील तर निकालाची घाई करू नये. १९६१ साली ती केली गेली आणि तो निकाल मागे घ्यायला वीस वर्षे लागली.